मोडक्या पायाची मुलगी

आवाज आधी आला, माणूस मागाहून दिसला. मि-रान बुटाची नाडी बांधायला वाकली होती, आणि गर्दीच्या पलीकडून कुणीतरी म्हणालं, "नाकानं दोनदा श्वास आत, तोंडानं दोनदा बाहेर. घाई कुणालाच नाही." तिची बोटं नाडीवर तशीच राहिली. पाठ आधी ताठ झाली, आणि ती का ताठ झाली हे तिला क्षणभरानं कळलं. मि-रान श्रवणयंत्रांच्या दुकानात काम करायची. दिवसभर म्हाताऱ्या माणसांना काचेच्या खोलीत बसवायचं, कानाला यंत्र लावायचं, ऐकू आलं की हात वर करायला सांगायचं. माणसाचा चेहरा उतरतो, केस जातात, दात जातात, पण आवाजातलं काहीतरी शेवटपर्यंत तसंच राहतं, हे तिला त्या खोलीनं शिकवलं होतं. त्यामुळे वर बघायच्या आधीच तिला खात्री होती. तरी तिनं वर बघितलं. पांढरी टोपी, वाळलेल्या काटक्यांसारखे पाय, कमरेला दोरीनं बांधलेला पिवळा फुगा. फुग्यावर लिहिलं होतं, 'दोन तास'. अर्धी मॅरेथॉन दोन तासांत पुरी करायची असेल त्यानं या फुग्याच्या मागं पळायचं. फुग्याखाली यॉम सर, तिचे शाळेतले धावण्याचे प्रशिक्षक, उभे होते, हसत होते, आणि भोवतीच्या माणसांना खिशातून खारट गोळ्या काढून वाटत होते.

"आई, काय झालं?" सो-दामनं विचारलं.

"काही नाही."

सो-दाम तिची मुलगी. जॉन्जूला कॉलेजात होती, शनिवारी घरी आली होती, आणि ही तिची पहिलीच अर्धी मॅरेथॉन होती. दोघींनी बरोबर पळायचं, हळू पळायचं, असं ठरलं होतं. काल रात्री जेवताना मुळ्याचा तुकडा दाताखाली मोडत तिनं बजावलं होतं, "मला सोडून पुढे जायचं नाहीस हं. गेलीस तर बघ." मि-रान हसली होती. ती मुलीवर कधी ओरडायची नाही. वीस वर्षांत एकदाही आवाज चढवला नाही याचा तिला अभिमान होता. शेजारणी म्हणायच्या, किती शांत बाई. त्यामागं किती कष्ट होते ते त्यांना काय कळणार? स्वतःचा आवाज तिनं घरात एखादी धारदार वस्तू ठेवावी तसा वर, फळीवर ठेवला होता. आता समोर तो माणूस गोळ्या वाटत होता, आणि एक पोरगी त्याला म्हणत होती, "आजोबा, मला दोन द्या ना!" आजोबा! गुन्सानच्या अर्ध्या शहराचा तो आजोबा झालेला दिसत होता. लाउडस्पीकरवर महापौर बोलत होते, हवेत मलमांचा झणझणीत वास होता, आकाश पिवळ्या धुळीनं मळलं होतं, आणि मि-रानला त्या सगळ्याचाच राग आला. मलमाचा, महापौरांचा, फुग्याचा.

शर्यत सुटली तेव्हा सुरुवातीला ती खरोखरच मुलीबरोबर पळत होती. सो-दामचा श्वास चुकत होता, मध्येच ती बोलत होती, लोकांच्या कपड्यांवर टीका करत होती. "आई, तो बघ, लग्नाचा कोट घालून पळतोय." मि-रान हं हं करत होती आणि तिचे डोळे पुढच्या पिवळ्या फुग्यावर होते. तो दूर जात होता. बंदराजवळच्या जुन्या गोदामांच्या रस्त्यावर वळण आलं, फुगा वळणाआड गेला, आणि तिचे पाय तिला न विचारता वेगानं पडू लागले. मागून हाक आली, "आई!" हाकेत अजून हसू होतं. मग पुन्हा आली, त्यात हसू नव्हतं. मि-राननं हात वर करून हलवला, पुढे भेटू अशा अर्थाचा. असा काही अर्थ नसतो हे तिलाही माहीत होतं. ती वळणाआड गेली.

फुग्यामागं दहा-पंधरा जण होते आणि म्हातारा बोलत होता. पळताना बोलायची त्याला तेव्हाही सवय होती, फक्त तेव्हा तो सायकलवर असायचा आणि मुली पळत असायच्या. डोंगरातली ती क्रीडाशाळा, हिवाळ्यात गोठलेला मातीचा रस्ता, आणि सायकलच्या दांडीला बांधलेली हिरव्या प्लास्टिकची नळी. मि-रान सोळा वर्षांची होती. नळी मांडीच्या मागच्या बाजूला बसायची, कारण तिथलं कुणाला दिसत नाही. पण नळीचं तिला फारसं काही वाटायचं नाही. सगळ्यांनाच बसायची. आवाज मात्र तिच्या एकटीचा होता. तो कानाशी यायचा, खाली उतरायचा, आणि तिच्याच छातीतून पुन्हा वर यायचा. मान वर. रडतेस काय, तोंड आहे का ते. पाणी नंतर. आता तोच आवाज लोण्यासारखा होऊन सांगत होता, "दुखायला लागलं ना, की त्याच्याशी भांडायचं नाही. ये म्हणायचं, बस म्हणायचं, आणि आपण आपलं पुढे जायचं. मन खंबीर हवं. पण नुसतं खंबीर मन काय कामाचं? खटकन मोडतं. जरा वाकायला शिका." आणि लोक माना डोलवत होते! शेजारचा जाडा माणूस म्हणाला, "आजोबा, तुमचं ऐकलं की पाय हलके होतात." मि-रानचे पाय जड होत होते. याला वाकायला कुणी शिकवलं? आणि कधी? आमच्यानंतर किती पोरी मोडून झाल्यावर?

तिला सगळ्यात चीड याची होती की ती त्याच्याच जोरावर पळत होती. चाळिशीत पुन्हा पळायला लागली तेव्हा तिनं पुस्तकं वाचली, व्हिडिओ पाहिले. मन शांत ठेवा, सुंदर दृश्य डोळ्यांपुढे आणा, स्वतःशी प्रेमानं बोला. तिनं प्रामाणिकपणे प्रयत्न केला. पहिल्या चढावर सुंदर दृश्य नाहीसं व्हायचं आणि तळातून तो आवाज वर यायचा. मान वर. आणि पाय उचलले जायचे. दर वेळी उचलले जायचे. नवऱ्याला वाटायचं, हिला पळून आल्यावर बरं वाटतं. ती अंघोळीच्या पाण्याखाली उभी राहून दात खायची.

नदीचा बांध सुरू झाला. उजवीकडे गुम नदी फुगून पसरलेली, डावीकडे गवताचं करडं रान, आणि मधून समुद्राचा वारा. वारा अजून पाठीशी होता, सगळे खुशीत होते. तेव्हा त्यानं गोष्ट सांगितली.

"माझ्याकडे एक पोर होती," तो म्हणाला. "लहानखुरी. स्पर्धेच्या आधी नडगीच्या हाडाला तडा गेला. मी म्हटलं, बाळ, थांब. डॉक्टर म्हणाले थांब. ऐकेचना! मोडक्या पायानं पळाली. मी मैदानाच्या कडेनं पळतोय, थांब थांब म्हणून ओरडतोय, आणि ही पळतेच आहे. पहिली आली."

"बाप रे!" जाड्या म्हणाला.

"पुढे राष्ट्रीय संघात गेली. सांगायचं काय, पाय पळत नसतो, मन पळतं."

"नाव काय आजोबा तिचं?"

"नाव?" तो हसला. "या वयात नावं कुठली राहतात! माझंच विसरायला होतं."

सगळे हसले. मि-रानच्या तोंडात पत्रा चाटल्यासारखी चव आली. डॉक्टर नव्हताच. शर्यतीआधी डॉक्टरकडे नेलंच नव्हतं कुणी. तिनं नडगीवर बोट ठेवून दाखवलं होतं, इथे, सर, इथे, आणि त्यानं बोटावर नळी हाणली होती. दुखणं पायात नसतं, डोक्यात असतं. मैदानाच्या कडेनं तो खरंच पळत होता, ओरडत होता, पण थांब म्हणून नव्हे. शेवटून दुसरी आली होती ती. रेषेपलीकडे पडली तेव्हा हाड मोडल्याचा आवाज तिनं स्वतः ऐकला होता, ओली काठी मोडावी तसा, आणि तो तिच्या अंगावरून पलीकडे जाऊन पुढच्या शर्यतीच्या मुलींना बोलवत होता. चपला तिच्या नाकाजवळून गेल्या. निळ्या रबरी चपला. राष्ट्रीय संघ! तिच्या आयुष्यातली सगळ्यात घाण दुपार यानं धुऊन, इस्त्री करून, माणसांत वाटायला घेतली होती. कितीदा सांगितली असेल? खारट गोळ्यांसारखी, दर शर्यतीला, मूठ मूठ.

ती त्याच्या बाजूला आली. आता सांगायचं. साध्या आवाजात, माणसासारखं. "सर, मी बोंग मि-रान."

त्यानं मान तिच्याकडे झुकवली. "हो हो! परतताना लागणार वारा!" आणि तेव्हा तिला त्याच्या कानामागचं यंत्र दिसलं. जुन्या बनावटीचं, मातकट रंगाचं, वाऱ्यात नुसतं खरखरणारं. असली यंत्रं ती रोज हाताळायची. त्याला तिचं एक अक्षर ऐकू आलं नव्हतं. ती पुन्हा म्हणाली. तो पुन्हा हसून म्हणाला, "छान पळताय! असंच!" तिला वाटलं, याला या क्षणी ढकलून द्यावं बांधावरून. विचार इतका स्वच्छ आला की ती स्वतःच दचकून दोन पावलं मागं राहिली.

वळसा घातला आणि वारा तोंडावर आला. फुगा दोरीला हिसके देत मागं ओढू लागला. धूळ दातांत करकरत होती. आधी माणसं बोलायची थांबली, मग एकेक जण गळायला लागला. यॉम सरांचं डावं पाऊल वाकडं पडायला लागलं होतं. मि-राननं ते सगळ्यांच्या आधी पाहिलं. थोड्या वेळानं वेग पडला. वेग राखायला नेमलेला दुसरा माणूस, रुंद खांद्यांचा, मागं आला आणि म्हणाला, "सर, आज पुरे. फुगा इकडे द्या. मागून गाडी येतेय, तीत बसा."

"गाडीत नाही बसत मी."

"मग चालत या. घाई कुणालाच नाही, तुम्हीच म्हणता ना?"

त्यानं फुगा सोडून घेतला, कमरेला बांधला, आणि घोळका पुढे गेला. जाड्यानं एकदा वळून बघितलं. म्हातारा चालायला लागला. फुगा गेल्यावर तो एकदम कुणाचाच कुणी नसल्यासारखा दिसत होता. मि-रानला पुढे जाता आलं असतं. पायांत दम होता. ती पुढे गेली असती तर गोष्ट तिथेच संपली असती, हे तिला नंतर पुष्कळदा वाटलं. पण ती थांबली, त्याच्या यंत्राच्या बाजूला गेली, आणि फळीवरून ती धारदार वस्तू खाली काढली.

"मान वर!"

तो दचकला. वाऱ्यातून, खरखरीतून, हे मात्र त्याला ऐकू गेलं.

"चालायला आलाय? पाय उचला! तोंड बघा कसं केलंय. रडताय काय?"

आणि तो पळायला लागला. तिला वाटलं होतं तो रागावेल, कोण तुम्ही म्हणून विचारेल. त्यानं तसलं काही केलं नाही. खांदे आत घेतले, मान वर केली, आणि शाळकरी पोरीसारखा पळायला लागला. मि-रानच्या अंगातून काहीतरी गरम सरसरत गेलं. सुख होतं ते. ते तिनं नाकारलं नाही. आवाज घशातून मोकळा बाहेर पडत होता, कधी न वापरलेला, जराही न गंजलेला. शब्द आठवावे लागत नव्हते. हात! हात कुठे लोंबतायत! दुखतंय? दुखणं पायात नसतं, डोक्यात असतं! बांधावर पाणी घेऊन उभ्या असलेल्या बाया तिच्याकडे बघत होत्या. एकीनं पेला पुढे केला, म्हाताऱ्याचा हात त्या पेल्याकडे गेला. "पाणी नंतर!" मि-रान ओरडली. हात मागं आला. त्याचे ओठ पांढरे पडले होते. ती बघत होती. तिला दिसत होतं. गुडघा दर पावलाला आत कोसळत होता, टोपीखालून घाम येणं बंद झालं होतं, हे काय लक्षण आहे ते तिला चांगलं ठाऊक होतं, आणि ती ओरडत होती.

शेवटच्या टप्प्यात मागून कुणीतरी बरोबरीला आलं. एकसारखा, संथ, न चुकणारा श्वास. सो-दाम. एकटी पळत आली होती, तिचा तिलाच वेग सापडला होता. तिनं आईकडे बघितलं, म्हाताऱ्याकडे बघितलं, कमरेची बाटली काढली आणि त्याच्यापुढे धरली. "आजोबा, घ्या."

मि-राननं तिच्या हाताला फटका मारला. बाटली रस्त्यावर पडली, गडगडत गवतात गेली.

"आई?" सो-दाम म्हणाली. फार हळू म्हणाली. घाबरलेलं माणूस अनोळखी माणसाला विचारतं तसं. मग ती पुढे निघून गेली.

मि-रान गप्प झाली. आवाज बंद झाल्यावर वारा एकदम मोठा झाला. म्हातारा मात्र थांबला नाही. तो तसाच पळत राहिला, तिनं काही न म्हणता, आणि तिला त्याच्यामागं जावं लागलं, तो पडला तर धरायला हात थोडे पुढे करून. रेषा आली. तो पलीकडे जाऊन गुडघ्यांवर बसला, आणि लोकांनी धावत जाऊन त्याला उचललं.

मैदानात तंबू होते. गरम टोफू, किमची, कागदी पेल्यांतून मक्कॉल्ली, तांदळाची दुधाळ दारू. मि-रान सो-दामला शोधत होती आणि ती सापडू नये असंही तिला वाटत होतं. एका तंबूत यॉम सर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते, अंगावर उबेसाठी गुंडाळलेला चंदेरी कागद, हातात बार्लीचा चहा. तिला बघून त्यांनी हात वर केला. "या बाई, या! तुमच्यामुळे पोहोचलो बघा. हल्ली असं कुणी ओरडत नाही. सगळे आपले आजोबा आजोबा." डोळ्यांत खरोखर पाणी होतं. ती काही बोलणार, तेवढ्यात शेजारून सो-दाम पुढे आली. गळ्यात पदक होतं. आईकडे न बघता ती म्हाताऱ्यासमोर उभी राहिली आणि कमरेतून पूर्ण वाकली.

"आजोबा, माझ्या आईचं चुकलं. तिनं असं करायला नको होतं. मी माफी मागते."

आणि मि-रानला ती खोली दिसली. इतक्या वर्षांत तिनं ती एकदाही उघडली नव्हती. शाळेतली प्रशिक्षकांची खोली, कोळशाच्या शेगडीचा वास, पायाला ओलं प्लास्टर, आणि तिची आई. रात्रीच्या बसनं आलेली, चांगला कोट घातलेली, हातात खारवलेल्या माशांची पेटी. आई याच माणसासमोर अशीच कमरेतून वाकली होती. "पोर कमकुवत निघाली, सर. तुमची मेहनत वाया गेली. माफ करा." त्यानं पेटी घेतली होती, एका हातानं.

"सो-दाम, सरळ उभी राहा," ती म्हणाली. आवाज फुटला नाही, चढला नाही. नुसता बाहेर आला. तिनं मुलीच्या खांद्यांना धरून तिला उभं केलं. "यांच्यापुढे नाही वाकायचं. माझं चुकलंय, ते मी बघते." मग ती खुर्चीजवळ बसली, त्याच्या कानाशी तोंड नेलं आणि सावकाश, दुकानात बोलायची तसं, एकेक शब्द सुटा करून बोलली. "सर, ती मुलगी राष्ट्रीय संघात गेली नाही. पहिलीही आली नाही. ती मी. बोंग मि-रान."

त्याच्या चेहऱ्यावर आधी काहीच आलं नाही. मग त्यानं तिच्या नडगीकडे बघितलं.

"पाय बरा झाला?"

"जुळला. थंडीत दुखतो."

"पण पळतेस की! आलीस की पळत!" तो एकदम उजळला, तुम्हीवरून तूवर आला, खुर्चीतून अर्धा उठला. "अरे, इकडे या सगळे! हीच ती! सांगत होतो ना, मोडक्या पायाची? हीच ती पोर! माझी पोर!"

माणसं वळली. जाड्या टोफूचं ताट घेऊन धावत आला. कुणी टाळ्या वाजवल्या, फोन वर झाले, कुणीतरी तिला म्हाताऱ्याच्या जवळ सरकायला सांगितलं.

"मी म्हणत होते पाय दुखतोय," मि-रान म्हणाली. लोकांना ऐकू जाईल इतपतच मोठ्यानं. "यांनी पळवलं. नळीनं मारून पळवलं. हाड मोडलं. आणि आज यांना पाणी हवं होतं, ते मी घेऊ दिलं नाही. मरू शकले असते. हेही झालंय, आणि तेही झालंय."

टाळ्या एका बाजूनं विरत गेल्या. जाड्या ताटाकडे बघायला लागला. एक फोन खाली गेला, मग बाकीचे. सगळे म्हाताऱ्याकडे बघत होते. त्यानं मान हलवली, हसण्यासारखं केलं, आणि कानाकडे हात नेला. "वारा फार आहे. काही ऐकू येईना बघा." तंबूत वारा नव्हता. त्याच्या अंगठ्यानं कानामागचं बारीक बटण दाबलं, हे फक्त तिला कळलं. यंत्र बंद झालं होतं. तो चहा प्यायला लागला.

ती अजून एकदा बोलू शकली असती. मोठ्यानं बोलली असती तर यंत्राशिवायही ऐकू गेलं असतं. ती उठली.

बसच्या थांब्याकडे जाणारा रस्ता लांब होता. सो-दाम बरोबर चालत होती, पण रस्त्याच्या दुसऱ्या कडेनं. मग सो-दामनं विचारलं, "नळीचं मला कधी सांगितलं नाहीस."

"नाही."

"आणि पाणी का नाही घेऊ दिलंस? खरं सांग."

मि-रान चालत राहिली. सांगण्यासारखी पुष्कळ कारणं होती, आणि सगळी खरी होती.

"मला बरं वाटत होतं," ती म्हणाली.

सो-दामनं मान हलवली. ती जवळ आली नाही. तिच्या मनगटाजवळचा भाग लाल झाला होता, आणि चालता चालता ती तो दुसऱ्या हातानं चोळत होती. मि-राननं आपली पावलं लहान केली आणि मुलीच्या चालीनं, रस्त्याच्या आपल्या कडेनं, चालत राहिली.